निघावं कधी, निघावं कुठून

नर्मदा परिक्रमेला कधी निघावं, असं महाराष्ट्रातल्या कुणाही परिक्रमावासीला विचारा, उत्तर तयार असतं: कार्तिकी एकादशी झाली की. नर्मदामैयाच्या मुलखात तिलाच देवउठनी ग्यारस म्हणतात. आषाढीला सुरू झालेला चातुर्मास त्या दिवशी संपतो. ओंकारेश्वरच्या घाटावर मुंडनं होतात, संकल्प सोडले जातात, कढाईचा शिरा वाटला जातो. पुढचे दोन-तीन आठवडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाठीवर सॅक आणि हातात दंड-कमंडलू घेऊन दक्षिण तटाने मावळतीकडे चालू लागतात.

हे उत्तर पिढ्यान् पिढ्यांच्या चालण्यातून आलेलं आहे आणि ते चूक नाही. पण त्यातून फक्त निघायचा दिवस कळतो. पुढचे पाच महिने नदीच्या कुठल्या काठावर कुठला ऋतू भेटणार, हे त्यातून कळत नाही. गेल्या काही वर्षांत परिक्रमा करून आलेल्या अनेकांशी बोलताना, आणि काठाचे काही टप्पे स्वतः चालताना, माझी एक खात्री होत गेली. इतक्या लांबच्या वाटेला एक ऋतू पुरतच नाही. थंडी आणि ऊन दोन्ही वाट्याला येणारच. त्यांची गाठ कुठे पडावी एवढंच आपल्या हातात असतं. आणि ते तिथीपेक्षा सुरुवातीच्या गावावर जास्त ठरतं. परिक्रमेच्या तयारीत बूट, झोळी, औषधं यांवर महिनोन् महिने चर्चा होते. सुरुवात कुठून करायची यावर मात्र क्षणाचाही विचार होत नाही, कारण जवळजवळ सगळे ओंकारेश्वरहून निघतात.

आधी थोडं गणित मांडायला हवं. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. त्यातले १०७७ मध्य प्रदेशात, १६१ गुजरातेत, आणि मधले ७४ किलोमीटर ती महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते: ३५ मध्य प्रदेशासमोर, ३९ गुजरातसमोर. दोन्ही तट मिळून २६२४ किलोमीटर होतात. उपनद्यांचे वळसे आणि धरणांच्या फुगवट्यामुळे आत सरकलेली वाट धरली, की आकडा ३००० च्या पुढे जातो. दिग्विजय सिंह यांनी २०१७ च्या दसऱ्याला, ३० सप्टेंबरला, बरमान घाटावरून परिक्रमा उचलली आणि ९ एप्रिल २०१८ ला तिथेच पूर्ण केली. ते चालणं सुमारे ३३०० किलोमीटर आणि १९२ दिवसांचं होतं, म्हणजे दिवसाला सरासरी १७ किलोमीटर. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण वीसेक किलोमीटरची चाल धरतात आणि साधारण पाच महिन्यांत परततात.

मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही, हा नियम. उपनद्या ओलांडता येतात. नर्मदा पश्चिमवाहिनी असल्याने दक्षिण तटावर चालणारा समुद्राकडे जातो, मुखापाशी होडीने पलीकडे उतरतो, मग उत्तर तटाने उगमापर्यंत पूर्वेकडे चढतो, आणि अमरकंटकला उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाने खाली येतो. म्हणजे दिशा ठरलेली, चाल जवळजवळ ठरलेली, निघायची तिथीही ठरलेली. सुरुवातीचं ठिकाण तेवढं मोकळं राहतं. घड्याळाच्या काट्यासारखा परिक्रमावासी फिरणारच. काटा कुठल्या अंकावरून सोडायचा, ते आपण ठरवतो.

चार महिने का थांबायचं, याचं धार्मिक कारण सर्वांना माहीत आहे. नदीकडून पाहिलं तर कारण आणखी ठळक दिसतं. नर्मदेच्या खोऱ्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला सुमारे ९० टक्के जून ते ऑक्टोबरमध्ये. दक्षिण तटावर सातपुड्यातून येणाऱ्या शेर, शक्कर, दुधी, तवा, गंजाल या नद्या एका रात्रीत फुगतात. त्या ओलांडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि काठाची काळी माती पावसात पाय धरून ठेवते. संन्याशांनी चार महिने एका गावी राहायचं, ही प्रथा या मातीवर फार शहाणपणाची ठरली. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबे स्वामी, आयुष्यभर पायी फिरले. पण पावसाळ्याचे चार महिने एकाच ठिकाणी. त्यांच्या चरित्रांत वर्षांचा हिशोब चातुर्मासांच्या गावांनीच लावलेला असतो. शेवटी ते नर्मदेकाठी गरुडेश्वरला राहिले आणि १९१४ साली तिथेच समाधिस्थ झाले. ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची जी जुनी परिक्रमा सांगतात, तिच्यातही पावसाळे चालण्यासाठी नसतात.

सप्टेंबर उलटला म्हणजे पाऊस संपला, असं आपल्याला पुण्या-मुंबईत वाटतं. पण काठ तेव्हा चालण्याजोगा झालेला असतोच असं नाही. सप्टेंबर २०२३ च्या मध्यावर सरदार सरोवरातून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावं लागलं, तेव्हा भरूचला नर्मदा जवळपास ४० फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी २४ फूट आहे. अशा पुरानंतर काठावर गुडघा-गुडघा गाळ बसतो, पायवाटा मोडतात, शेतांची कुंपणं वाहून गेलेली असतात. पाणी ओसरायला, गाळ वाळायला आणि गावकऱ्यांना पुन्हा वाट पाडायला महिना-दीड महिना लागतो. कार्तिकी एकादशी नेमकी त्यानंतर येते.

पण ती दर वर्षी एकाच तारखेला येत नाही, हे नियोजनात नेहमी निसटतं. २०२४ साली ती १२ नोव्हेंबरला होती, २०२५ साली १-२ नोव्हेंबरला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने ती २० नोव्हेंबरला येते. दोन वर्षांत जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. पाच महिन्यांच्या चालण्यात तीन आठवडे म्हणजे चारशे किलोमीटर. लवकर येणाऱ्या वर्षी सुरुवातीला गाळ आणि ऊन लागतं. उशिरा येणाऱ्या वर्षी शेवटचे चारशे किलोमीटर वैशाखाच्या तोंडाशी जातात. ज्या वर्षी तिथी उशिरा येते, त्या वर्षी सुरुवातीचं गाव निवडणं जास्त महत्त्वाचं होतं.

थंडीतले दिवस लहान आणि उन्हाळ्यातले मोठे, म्हणून उन्हाळ्यात चाल जास्त होईल असं कुणाला वाटेल. नर्मदा २१ ते २३ अक्षांशांच्या मधून वाहते. तिथे डिसेंबरअखेरीस दिवस पावणेअकरा तासांचा असतो, एप्रिलच्या मध्याला साडेबारा तासांचा. पण डिसेंबरात सकाळी आठला निघून दुपारी चारपर्यंत सलग चालता येतं. जेवायला तासभर धरला तरी सात तास हाती राहतात. निमाडमध्ये एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, अकरा वाजता वाट सोडावी लागते आणि साडेचार-पाचच्या आधी पुन्हा धरवत नाही. सूर्यास्तानंतर चालायचं नाही हा परिक्रमेचा नियम. म्हणून मोठ्या दिवसात चालण्याचे तास कमी भरतात. पाण्याचं ओझं वाढतं, मुक्काम जवळजवळ घ्यावे लागतात, आणि वीसची चाल बारा-तेरावर येते. नेमकं तेव्हाच शरीर चार महिन्यांचं थकलेलं असतं.

आता ओंकारेश्वरहून कार्तिकीला निघालेल्या माणसाबरोबर थोडं चालू.

पहिला टप्पा निमाडचा. कापसाची वेचणी चालू असते, खरीप घरात आलेलं असतं, गहू-हरभऱ्याची पेरणी होत असते. गावांत हात सढळ असतो. दारात उभी असलेली बाई 'नर्मदे हर' झाल्यावर पहिला प्रश्न विचारते, ''कितनी मूर्ती हो, माताराम?'' परिक्रमावासी इथे माणसांनी मोजत नाहीत, मूर्तींनी मोजतात. मग चहा, बालभोग, आसन लावायला ओटी. मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकाच वाटेवर एवढे जण असतात की मुक्कामाच्या आश्रमांची दमछाक होते. एकादशीनंतर पंधरा-वीस दिवसांनी मागून निघालेल्यांना तोच काठ निवांत मिळाल्याचं अनेकांनी सांगितलं. पावसाळ्यात सुचलेला संकल्प एकादशीलाच सोडला पाहिजे असं काही नाही. चातुर्मास संपल्यावर कोणताही दिवस चालतो.

बडवाणीपाशी वाट बदलते. इथून पुढे सरदार सरोवराचा फुगवटा आहे. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, ती प्रथम सप्टेंबर २०१९ मध्ये गाठली गेली, आणि जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर होते. बडवाणीजवळच्या राजघाटावर गांधीजींच्या अस्थींचं स्मारक होतं, ती जागा पाण्याखाली गेली. शूलपाणीची झाडी म्हणतात त्या रानातली जुनी काठाकाठाची वाट गेली. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर गेलं. देव आता गोऱ्याला नव्या देवळात आहेत. जुन्या परिक्रमावासींच्या आठवणीत झाडी म्हणजे 'मामा' लोकांनी अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून घेण्याची जागा. आज त्याच भिल्ल-पावरा घरांतून परिक्रमावासींना भाकरी आणि निवारा मिळतो, आणि यातल्या कितीतरी घरांची नदीकाठची काळी जमीन त्या पाण्यात आहे. हे माहीत असूनच त्या ओसरीवर बसावं, असं मला वाटतं.

झाडीला ऋतू फार कडक लागू होतो. पावसाळ्याअखेर जलाशय तुडुंब असतो. उदईसारख्या उपनद्यांच्या दऱ्यांत पाणी आतपर्यंत शिरलेलं असतं, आणि समोर दिसणाऱ्या पाड्यावर जायला डोंगराला लांबचा वळसा पडतो. उन्हाळ्यात पाणी खूप खाली उतरतं, पण काठाशी भेगाळलेला गाळ राहतो, डोंगरावरचे झरे आटतात, आणि सातपुड्याच्या उघड्या उतारांवर सागाला पान नसतं. त्यामुळे धडगाव-मोलगीच्या अंगाने जाणाऱ्या डोंगरवाटेला मार्गशीर्ष-पौष हाच खरा काळ. तेव्हा ज्वारी निघालेली असते, ओढ्यांना पाणी असतं, चढावर घाम येतो पण जीव जात नाही. गुडघ्यांची खात्री नसलेले शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुव्यावरून सडकेने जातात. त्यांनाही डांबरावर दुपार काढायची असते, म्हणून थंडीच बरी.

ओंकारेश्वरहून निघालेला डिसेंबरच्या मध्यात समुद्राशी येतो. विमलेश्वरजवळून होडी सुटते आणि पलीकडे मिठी तलाईला लागते. इथे ऋतूच्या आत आणखी एक ऋतू आहे, तो भरती-ओहोटीचा. खंभातच्या आखाताची भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की होड्या चिखलात बसतात. भरतीचं पाणी येऊन त्या सुटल्या की निघायचं, मग ती वेळ मध्यरात्रीची असो की पहाटेची. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर, अष्टमीच्या भांगाला कमी. विमलेश्वरला दोन-तीन दिवस बसून राहावं लागलेले लोक बरेचदा तिथीचं गणित न करता आलेले असतात. झाडीतून बाहेर पडतानाच पंचांग पाहून चाल कमी-जास्त केली तर हा खोळंबा टळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो. उन्हाळा वाढेल तसा नैर्ऋत्येचा वारा लाटा उठवू लागतो.

पुढे उत्तर तट, भरूच, नारेश्वर, चांदोद, गरुडेश्वर. गुजरातेतल्या या काठाला मी कमी शब्द देते आहे, कारण हवामानाच्या दृष्टीने डिसेंबर-जानेवारीत इथे तक्रारीला जागाच नसते. पहाटेचं धुकं आणि दंव, मग स्वच्छ ऊन. अलीराजपूर-कुक्षीकडून महेश्वर, मंडलेश्वर गाठेपर्यंत संक्रांत होऊन जाते. डिसेंबर-जानेवारीत मावठाचा पाऊस एखाद-दुसरा दिवस भिजवतो, फेब्रुवारी-मार्चात गारपिटीची धास्ती असते. प्लास्टिकचा कागद बाराही महिने झोळीत हवा तो यासाठी. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती येते. त्या दिवशी तुम्ही काठावर कुठेही असा, भंडारा चुकत नाही.

ओंकारेश्वरहून निघालेला माणूस फेब्रुवारीच्या अखेरीस अमरकंटकला पोहोचतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवरचं हे पठार तेव्हा फार देखणं असतं. वाटेवरच्या मंडला-डिंडोरीच्या रानात पळस फुललेला असतो. इथपर्यंत त्याचं सगळं चांगलं जमलं आहे. अडचण पुढे आहे. उरलेले आठशे-साडेआठशे किलोमीटर त्याला दक्षिण तटाने उतारावर जायचं आहे, आणि तो उतरतो तसा सूर्य चढतो. मार्चच्या मध्यात मंडला आणि जबलपूर, अखेरीस नरसिंहपूर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नर्मदापुरम, मग हरदा, खंडवा. हा सगळा गव्हाचा पट्टा. मार्च-एप्रिलमध्ये कापणी होते, पाठोपाठ कितीतरी ठिकाणी शेतातले खुंट पेटवतात, त्याला तिकडे नरवाई जाळणं म्हणतात. डोक्यावर चाळीस अंश, बाजूला धूर आणि राख, बांधावर एकही झाड नाही. घरातली सगळी माणसं शेतात, त्यामुळे दाराशी चहा विचारणारंही कुणी नसतं. 'शेवटचे पंधरा दिवस मैयाने परीक्षा पाहिली' असं सांगणारे इतके भेटले, की मी त्यांना निघायची तारीख आणि गाव विचारू लागले. बहुतेकांचं गाव ओंकारेश्वरच.

या टप्प्यावर आणखी एक धोका आहे आणि तो पावसाळ्याशी जोडलेला नाही. इंदिरा सागर हा साठवणक्षमतेने देशातला सर्वांत मोठा जलाशय. त्याखाली नदीची पातळी आता वीजनिर्मितीवर चढते-उतरते. ७ एप्रिल २००५ ला, अमावास्येच्या स्नानासाठी देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भाविक जमले असताना वरून पाणी आलं आणि पन्नासहून अधिक माणसं वाहून गेली. चैत्रातल्या आटलेल्या नदीचा काठ सुरक्षित असतो, हा जुना अनुभव धरणांनंतर उरलेला नाही. पात्रातल्या खडकावर आसन लावू नये, भोंगा वाजला की वर यावं, हे सर्व ऋतूंना लागू आहे.

आता काटा दुसऱ्या अंकावर ठेवून पाहू. तीच तिथी, तीच चाल, पण सुरुवात अमरकंटकहून. नोव्हेंबरात डिंडोरी-मंडल्याचा दक्षिण तट. थंडी पडू लागलेली असते, पण जानेवारीसारखी हाडात शिरत नाही. अमरकंटकच्या पठारावर कडाक्याच्या रात्री पारा शून्याजवळ जातो आणि गवतावर दंव गोठतं, तो काळ अजून यायचा असतो. डिसेंबरात नरसिंहपूर. उसाची गुऱ्हाळं चालू झालेली असतात, आणि करेलीच्या बाजूला ताजा गूळ हातावर पडतो. डिसेंबर सरताना नर्मदापुरम, गव्हाला पाणी चालू, सगळं हिरवं. जानेवारीच्या सुरुवातीला निमाड, मध्यावर झाडी, अखेरीस समुद्र. फेब्रुवारीत गुजरात, महिनाअखेर महेश्वर. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बडवाहच्या पुढचं सागाचं जंगल आणि नेमावर, अखेरीस जबलपूर. आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा, जो ओंकारेश्वरवाल्याला खंडव्याच्या रानात गाठतो, तो याला मंडला-डिंडोरीच्या चढावर गाठतो.

हा फरक नुसत्या उंचीचा नाही, झाडांचा आहे. खालच्या अंगाला, निमाड आणि झाडीत, साग आहे. तो उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतो आणि पाऊस येईपर्यंत उघडा राहतो. वरच्या अंगाला, डिंडोरी आणि अमरकंटकला, साल आहे. सालाची पानगळ थोडक्यात आटोपते आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याला नवी पालवी येते, पाठोपाठ फुलं. ज्या महिन्यात सावली सर्वांत मोलाची, त्याच महिन्यात सालवन सर्वांत दाट होऊ लागतं. वाटेत मोहाची फुलं वेचायला पहाटे घरं रिकामी होतात आणि सगळं रान गोड वासाने भरून जातं. चढ आहे, मुक्काम लांब आहेत. पण दुपार झाडाखाली काढता येते, आणि चाळिशी पार केलेल्या पाऱ्यात ती एकच गोष्ट माणसाला चालतं ठेवते.

मग सगळे अमरकंटकहून का निघत नाहीत? याची कारणं खरी आहेत आणि ती मी बाजूला सारणार नाही. महाराष्ट्रातून ओंकारेश्वर जवळ. खंडवा किंवा इंदूर गाठलं की झालं. अमरकंटकला जायला पेंड्रारोडपर्यंत रेल्वे आणि पुढे घाटाचा रस्ता. दुसरं, नवख्या पायांना पहिल्या दिवसापासून रान आणि विरळ वस्ती. निमाडच्या दाट गावांत सुरुवातीला चुका निभावून जातात: सामान जास्त झालं तर वाटून टाकता येतं, पायाला फोड आले तर जवळच आश्रम असतो. डिंडोरीत तसं नाही. तिसरं कारण श्रद्धेचं. परिक्रमा कुठूनही उचलली तरी शेवटी ओंकारेश्वराला जल चढवल्याशिवाय ती पुरी होत नाही, असं मानतात. अमरकंटकवाल्याला शेवटी तेवढ्यासाठी गाडीने ओंकारेश्वर गाठावं लागतं. काठावर चालत येऊन तिथेच थांबण्याचं जे समाधान, ते वेगळं. ज्याला ते हवं आहे त्याने ओंकारेश्वरच धरावं. मात्र रोज दोन-तीन किलोमीटर जास्त चालून किंवा वाटेतले लांब मुक्काम टाळून मार्चअखेर परतण्याचा हिशोब ठेवावा.

मधला मार्गही आहे. जबलपूरच्या ग्वारीघाटापाशी, दक्षिण तटावरून उचलली तर रेल्वेची सोय आहे, सुरुवात वस्तीत होते, समुद्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अमरकंटक, आणि एप्रिलचा मध्य पुन्हा मंडल्यापासून जबलपूरपर्यंत. उन्हाळ्याची झळ थोडी लागते, पण हरद्याएवढी नाही. पहिल्यांदा निघणाऱ्या पन्नाशी-साठीच्या माणसाने मला विचारलं तर मी ग्वारीघाट सांगेन. सवय असलेल्याला अमरकंटक.

भरूचकडून सुरुवात मात्र टाळावी. तिथून निघालेला कडाक्याच्या थंडीत अमरकंटकच्या पठारावर असतो आणि एप्रिलात झाडीत, म्हणजे दोन्ही ऋतू त्यांच्या सर्वांत वाईट जागी.

ज्यांना पाच महिने मिळतच नाहीत त्यांची वाट अमृतलाल वेगडांनी दाखवली. जबलपूरचे हे चित्रकार-शिक्षक पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, १९७७ मध्ये, निघाले आणि वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी चालत राहिले. त्यांची हिंदी-गुजराती पुस्तकं मराठी वाचकांच्याही ओळखीची आहेत. शास्त्राच्या दृष्टीने खंडित असली तरी ऋतूच्या दृष्टीने ही सर्वांत मोकळी परिक्रमा, कारण प्रत्येक काठाला त्याचा स्वतःचा महिना देता येतो. झाडी पौषात, निमाड मार्गशीर्षात, मंडला-डिंडोरी पळसाच्या दिवसांत फाल्गुनात, गुजरातचा किनारा माघात. नोकरीतल्या माणसाला वर्षाला दोन आठवडे काढता आले तरी हे जमतं.

आणि जिथे महिना बदलता येत नाही, तिथे लोक प्रहर बदलतात. गुजरातेत तिलकवाड्याजवळ नदी काही अंतर उत्तरेकडे वाहते. तिथली उत्तरवाहिनी परिक्रमा जेमतेम वीसेक किलोमीटरची, पण ती चैत्रातच करायची असते. मराठी माणसांची तिथे आता मोठी गर्दी असते. ती सगळी मध्यरात्र उलटल्यावर निघते, बॅटरीच्या उजेडात चालते, दोनदा होडीने नदी ओलांडते आणि ऊन चढायच्या आत परत घाटावर येते. मोठ्या परिक्रमेत रात्री चालायला मनाई, या छोटीत रात्र हाच आधार.

२०२६ च्या कार्तिकीला, २० नोव्हेंबरला, ओंकारेश्वरहून निघणाऱ्याचा पाचवा महिना १९ एप्रिलच्या आसपास संपेल, आणि शेवटचे तीन आठवडे नर्मदापुरम ते खंडव्याच्या गव्हाच्या रानात जातील. त्याच दिवशी अमरकंटकहून निघणाऱ्याचे तेच तीन आठवडे जबलपूरच्या पुढे, चढावर. जे हे दुसरं गाव निवडतील त्यांनी आठवडाभर आधी पठारावर जाऊन राहावं, थंड पाण्याच्या पहाटेच्या स्नानाची सवय करावी, आणि जड घोंगडी महेश्वरपर्यंत सोडू नये. तिथून पुढे ती कुणा साधूला देऊन टाकली तरी चालेल.